यष्टींमागचा शिक्षक

कसब्याच्या बोळात खेळणाऱ्या पोरांना विचारा, यष्टींमागे उभे राहायला सहसा कोणी राजी नसते. पण गोलंदाजाचा चेंडू दिवसभर समोरून पाहतो तो यष्टिरक्षकच. मुंबईचे यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित ५ कसोटी सामने खेळले. त्यांचे मोठे काम मात्र पुढे शिक्षक म्हणून झाले.

१९९९ साली बंगळूरला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळूनही शेवटच्या दिवशी कर्नाटकाने सामना हिरावून घेतला. असला सल लवकर निघत नाही.

पुढे ते विदर्भाकडे गेले. तोवर एकदाही अंतिम फेरी न पाहिलेल्या या संघाने २०१८ च्या आरंभी इंदूरला दिल्लीचा पाडाव केला. रजनीश गुरबाणीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले! गोलंदाजीचे शिक्षक सुब्रतो बॅनर्जी होते, तेव्हा सारेच श्रेय पंडितांच्या पदरात घालणे न्याय्य नव्हे. परंतु कडक शिस्त त्यांचीच. पुढच्या वर्षी नागपूरला आदित्य सरवटेने ११ गडी टिपले, आणि करंडक विदर्भातच राहिला.

जून २०२२ मध्ये, बंगळूरच्या त्याच मैदानावर, मध्य प्रदेशाने तो प्रथमच जिंकला. शिक्षक होते पंडित, आणि हरली ती त्यांची मुंबई.