घाट, जीप आणि इंजिनाची निवड

१/ आंबेगाव तालुक्यातील एका मित्राने परवा एक प्रश्न विचारला. त्याच्या आजोबांची १९६९ ची महिंद्रा जीप अंगणात उभी आहे. ती पुन्हा रोज रस्त्यावर आणायची, तर तिच्यात आजचे ताकदवान टर्बो डिझेल इंजिन बसवावे का? प्रश्न यंत्राचा आहे. पण त्याच्या उत्तराचा मोठा भाग इतिहासात दडलेला आहे. म्हणून हा थ्रेड.

२/ जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हा प्रश्न परका नाही. बैलगाडा शर्यतीत काही सेकंदांत घाट पार करणारा खिलार आणि दिवसभर नांगर ओढणारा बैल, दोघेही जोरकस. तरीही एकाला दुसऱ्याच्या कामाला कोणी जुंपत नाही. जोर कशाला म्हणायचे, हे काम ठरवते. इंजिनाचेही तसेच आहे.

३/ आता मूळ इंजिनाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपमध्ये ‘गो डेव्हिल’ नावाचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. क्षमता सुमारे २.२ लिटर, शक्ती ६० अश्वशक्ती. कंपनीच्याच ४८ अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनातून अभियंते डेल्मर रूस यांनी ते घडवले. त्यांनी आकारमान वाढवले नाही. भागांची मापे काटेकोर केली, धातू सुधारले, पिस्टन हलके केले.

४/ पुढची पायरी ‘हरिकेन’ इंजिनाची. त्यात हवा आत घेणाऱ्या झडपा ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये नेल्या. शक्ती ७० अश्वशक्तीच्या पुढे गेली, पण इंजिन उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी जीपचे बॉनेटच उंच करावे लागले. इंजिन बदलले की त्याच्याबरोबर गाडीही बदलावी लागते, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

५/ हीच उंच नाकाची जीप आपल्या ओळखीची. १९४५ मध्ये स्थापन झालेली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली आणि १९४९ मध्ये मुंबईत माझगावला जीपची जुळणी होऊ लागली. अमेरिकेत सीजे-३बीचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र तिचा चेहरा पुढे कित्येक दशके टिकला.

६/ मग १९७३ चे तेलसंकट आले. पेट्रोल कडाडले. शेती आणि मालवाहतुकीचे इंधन म्हणून डिझेल स्वस्त ठेवले गेले. गाडी तीच, रस्ता तोच. पण पेट्रोल जीप चालवण्याचा हिशेबच कोलमडला.

७/ महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून ‘एक्सडीपी ४.९०’ या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. नावातच तपशील आहे : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. क्षमता २११२ घनसेंटिमीटर. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या कारखान्यात हे इंजिन तयार होऊ लागले.

८/ येथे जरा थांबा. हरिकेनची शक्ती सुमारे ७५ अश्वशक्ती सांगितली जाई, तर या डिझेलची सुमारे ६२. म्हणजे कागदावर नवे इंजिन दुबळे! तरीही लोकांनी ते आनंदाने स्वीकारले. एवढेच नव्हे, तर गावोगावच्या गॅरेजांत जुन्या पेट्रोल जीपांमधून मूळ इंजिन उतरवून डिझेल इंजिने बसवली गेली.

९/ कारण रस्त्यावर शोधावे लागते. मंचरहून घोडेगाव, डिंभेमार्गे भीमाशंकरची चढण किंवा आळेफाट्याहून ओतूरमार्गे माळशेज. गाडीत माणसे दाटीने बसलेली, पायाशी पाट्या आणि पोती. इथे कमाल वेगाला अर्थ नव्हता. डिझेल इंजिनात हवा अधिक दाबली जाते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. तेवढ्याच इंधनात काम अधिक निघते. फेरीअखेर खिशात उरलेला पैसा हीच त्या काळची ‘कामगिरी’ होती.

१०/ निवड चुकली की काय होते, हेही इतिहास दाखवतो. १९८५ मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ‘स्टँडर्ड २०००’ आणली. देह ब्रिटनच्या रोव्हर एसडी-१ चा, जिला तिकडे ३.५ लिटरचे व्ही-८ इंजिनही मिळे. हृदय मात्र जुन्या व्हॅनगार्डच्या दोन लिटर इंजिनाचे. देखणी, महागडी गाडी काही वर्षांतच बंद पडली.

११/ त्याच वर्षीचे उलट उदाहरण मुंबईचे. प्रीमियरने फियाट १२४ च्या जुन्या देहात निसानचे ११७१ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवले आणि त्याच्या जोडीला गिअरबॉक्सही निसानचाच घेतला. गाडीचे नाव ‘११८ एनई’. एनई म्हणजे निसान इंजिन. इंजिन लहानच होते. पण जोडी जुळली होती.

१२/ मित्राच्या जीपला हाच निकष लावू. तिचा तीन गिअरांचा गिअरबॉक्स, क्लच, डिफरन्शियल आणि चारही चाकांचे ड्रम ब्रेक साधारण ७५ अश्वशक्तीच्या हिशेबाने घडलेले आहेत. त्यावर दुप्पट जोर घातला, तर सर्वांत कच्चा दुवा आधी तुटेल. शिवाय घाट चढवणे इंजिनाचे काम असले, तरी तो उतरताना जीव ब्रेकांवर असतो.

१३/ कायदाही पाहावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. ज्या मोजक्या सवलती आहेत, त्यांनाही आरटीओची पूर्वपरवानगी लागते.

१४/ दुसरी बाजू २०२१ च्या ‘व्हिंटेज’ नियमांची. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाडीला क्रमांकात ‘व्हीए’ ही खूण मिळते. पण इंजिनात मोठा फेरफार झाला असेल, तर हा मान नाही. आणि मान मिळाला, तर ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. म्हणजे मित्रापुढे खरी निवड दोन इंजिनांमधली नाही. गाडी जपायची की वापरायची, हे त्याला आधी ठरवायचे आहे.

१५/ माझे उत्तर असे : वापरायचीच असेल, तर हरिकेन नीट दुरुस्त करून घे, ब्रेक आधी पक्के कर आणि निवांत चालव. हेच इंजिन त्या जीपला साजेसे आहे. पण ज्यांच्या जीपमध्ये चाळीस वर्षांपूर्वीच डिझेल बसले, त्यांनी ती ‘अस्सल नाही’ म्हणून खंतावू नये. तेलसंकट या तालुक्यांच्या अंगणापर्यंत कसे पोहोचले, याचा तो लोखंडी दस्तऐवज आहे.

१६/ शेवटी एक विनंती. घरात जुनी गाडी असेल, तर तिचे आरसी बुक, इंजिन क्रमांक आणि गॅरेजची पिवळी पडलेली बिले रद्दीत घालू नका. इंजिन कधी, कोणत्या कारणाने बदलले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवा. उद्याच्या अभ्यासकाला ग्रामीण महाराष्ट्राचा इतिहास याच कागदांतून वाचावा लागणार आहे.