मतल्याची दाद

मुशायऱ्यात मतल्यालाच जोरदार दाद मिळाली की शायराच्या छातीत धडकी भरते. पुढचे शेर आता त्याच तोडीचे हवेत! १९८१ साली अमेरिकेत जेरी फाउस्ट यांचे असेच झाले.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. तिथे चेंडू हातात घेऊन धावतात. इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम विद्यापीठाचा संघ या खेळात मानाचा. फाउस्ट सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलचे यशस्वी प्रशिक्षक. शाळेतून ते थेट या संघावर आले. पहिल्याच सामन्यात लुइझियाना स्टेटवर २७-९ असा विजय मिळाला आणि संघ देशात पहिल्या क्रमांकावर गेला. चाहत्यांना आकाश ठेंगणे झाले. पुढच्याच सामन्यात मिशिगनने २५-७ असे हरवले. हंगामाअखेर हिशेब झाला पाच विजय, सहा पराभव.

फाउस्ट पाच हंगाम राहिले. १९८५ मधला त्यांचा अखेरचा सामना मायामीने ५८-७ असा जिंकला.

१९८६ मध्ये लू होल्ट्झ आले. गंमत पाहा मंडळी, त्यांचेही पहिले वर्ष पाच विजय, सहा पराभव! पण १९८८ मध्ये याच होल्ट्झ यांच्या संघाने बाराच्या बारा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

धीर धरला की यश येतेच, असे नाही. फाउस्ट यांना पाच वर्षे मिळालीच होती. पण धीर धरला नसता, तर होल्ट्झ ओळखूच आले नसते. दाद मतल्याला जरूर द्यावी. निकाल मात्र गझल पूर्ण ऐकून द्यावा.