वाया गेलेले वर्ष : युरोपीय विद्यापीठांच्या सहकार्याचा एक इतिहास

१९५८ साली सोफिया कोर्राडी ही कायद्याची इटालियन विद्यार्थिनी न्यूयॉर्कहून रोमला परतली. फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून ती कोलंबिया विद्यापीठात गेली होती आणि तुलनात्मक कायद्यातील पदव्युत्तर पदवी घेऊन आली होती. रोमच्या ला सापिएन्झा विद्यापीठातला तिचा मूळचा अभ्यासक्रम अजून पुरा व्हायचा होता. कोलंबियातला अभ्यास त्यात धरावा, एवढीच तिची मागणी होती. विद्यापीठाच्या कार्यालयाने ती फेटाळली आणि वर चारचौघांत तिची शोभा केली. परदेशी हिंडून यायचे आणि इथल्या परीक्षा टाळायच्या, असा हा प्रकार असल्याचा एकूण सूर होता. तिला राहिलेल्या परीक्षा रोममध्येच द्याव्या लागल्या. परदेशातले वर्ष हिशेबातून गेले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी कोर्राडीबाईंचे निधन झाले. तोवर त्या ‘मम्मा एरास्मस’, म्हणजे एरास्मसची आई, या नावाने ओळखल्या जात होत्या. ज्या एरास्मस योजनेतून लाखो युरोपीय विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकून आले, तिचे मूळ त्या कार्यालयातल्या अपमानात होते, असे त्या स्वतः सांगत.

मी या विषयाकडे वळलो तो एका वेगळ्या वाटेने. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी अठ्ठावीस वर्षे कारकुनी केली. प्रवेश, पात्रता, स्थलांतर प्रमाणपत्र ही माझी टेबले. बारा-तेरा वर्षांपूर्वी लष्करात असलेल्या एका गृहस्थांची मुलगी परराज्यातून बदलून आली. तिकडे तिचे दुसरे वर्ष झाले होते. आमच्या दोन विषयांशी तिचे विषय जुळेनात. समकक्षतेचे पत्र आणा, असे मी तिला सांगितले. ते पत्र कोण देते हे मलाही धड ठाऊक नव्हते. तीन महिने हेलपाटे घालून तिने पुन्हा पहिल्या वर्षाला नाव घातले. अर्जावर ‘अपात्र’ हा शेरा माझ्या अक्षरातला आहे. नियमाने मी चुकलो नव्हतो. पण कोर्राडीबाईंची हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला स्वतःची आठवण झाली ती खिडकीच्या आतल्या बाजूने. म्हणून युरोपातल्या या इतिहासाकडे मी एकच प्रश्न घेऊन पाहिले : दुसरीकडचा अभ्यास खरा आहे की नाही, हे सिद्ध कोणी करायचे?

जुना परवाना

प्रश्न विसाव्या शतकातला नाही. बाराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने बोलोन्याला शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना संरक्षण देणारे फर्मान काढले. त्यातले एक कलम लक्षात घेण्याजोगे आहे. त्या काळी एखाद्या गावच्या माणसाने कर्ज बुडवले, तर त्याच गावच्या दुसऱ्या कोणालाही धरून वसुली करण्याची रीत होती. विद्यार्थ्याला तसे धरता येणार नाही, असे फर्मानाने ठरवले. परक्या गावात शिकणाऱ्याचे रक्षण हा कायद्याचा विषय झाला.

पुढे पोपच्या मान्यतेने चालणाऱ्या विद्यापीठांच्या पदवीधरांना ‘कुठेही शिकवण्याचा परवाना’ मिळू लागला. कागदावर तो साऱ्या ख्रिस्ती युरोपात चालायला हवा होता. प्रत्यक्षात पॅरिस आणि ऑक्सफर्ड ही दोन मोठी विद्यापीठे एकमेकांच्या पदवीला मान देण्यास नाखूश असत आणि बाहेरून आलेल्याची पुन्हा परीक्षा घेऊ पाहत. परवाना सार्वत्रिक, पण विश्वास मात्र आपापल्या वेशीपुरता. रॉटरडॅमचा विद्वान एरास्मस पॅरिसला शिकला, १५०६ मध्ये ट्युरिनला डॉक्टर झाला, केंब्रिजला त्याने शिकवले, लूव्हेनला राहिला आणि १५३६ मध्ये बाझेलला वारला. त्याच्या काळी लॅटिन ही सगळ्यांची विद्याभाषा होती. राष्ट्रराज्ये बळावली, शिक्षण देशी भाषांत आले, पदवीवर सरकारी नोकऱ्या मिळू लागल्या, तशी पदवी ही त्या त्या राज्याची मुद्रा झाली. दुसऱ्या राज्याच्या मुद्रेकडे संशयाने पाहणे हे मग कारकुनाचे कर्तव्यच ठरले.

कराराबाहेरचे शिक्षण

१९५७ च्या रोम करारातून युरोपीय आर्थिक समुदाय उभा राहिला. बाजार, जकात, शेती, कामगारांची ये-जा या गोष्टी त्यात होत्या. विद्यापीठे नव्हती. व्यावसायिक प्रशिक्षणाबद्दल एक कलम होते, तेवढेच. शिक्षण हा राष्ट्राच्या अस्मितेचा भाग, तिथे ब्रुसेल्सने हात घालू नये, अशी सदस्य सरकारांची भूमिका होती.

कोर्राडीबाई पुढे इटलीतील कुलगुरूंच्या परिषदेच्या सल्लागार झाल्या. १९६९ मध्ये त्यांनी एक टिपण तयार केले. विद्यार्थ्याने बाहेर जाण्यापूर्वी आपल्या अभ्यासाचा आराखडा स्वतःच्या विद्याशाखेकडून मंजूर करून घ्यावा आणि त्याप्रमाणे बाहेर दिलेल्या परीक्षा परतल्यावर धरल्या जाव्यात, असा त्याचा गाभा होता. कार्यालयात काम केलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळते. वाद परतल्यावर नको, जाण्याआधी मिटवा. हा विचार त्या वर्षीच्या विद्यापीठ-सुधारणेच्या विधेयकात शिरला, पण विधेयक मंजूर झालेच नाही. बाई मात्र पुढची अनेक वर्षे कुलगुरूंना आणि अधिकाऱ्यांना भेटत, लिहीत राहिल्या.

ब्रुसेल्समध्येही हालचाल सुरू झाली होती. हायवेल केरी जोन्स हे वेल्सचे गृहस्थ ससेक्स विद्यापीठातून १९७३ मध्ये युरोपीय आयोगात आले. फेब्रुवारी १९७६ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी एका ठरावाद्वारे ‘संयुक्त अभ्यासक्रमां’ची छोटी योजना मान्य केली. दोन देशांतल्या दोन विभागांनी आपसात करार करायचा, विद्यार्थी पाठवायचे, आयोगाने थोडा खर्च सोसायचा. ही योजना दहा वर्षे चालली. तिचा गाजावाजा झाला नाही. पण बाहेरची गुणपत्रिका वाचता येणारे प्राध्यापक आणि कारकून तिच्यातून तयार झाले.

कायद्याचे दार उघडले ते एका चित्रकथांच्या विद्यार्थिनीमुळे. फ्रान्सची ग्राव्हिए ही तरुणी बेल्जियममधल्या लिएज शहरात कला अकादमीत चित्रकथा काढायला शिकत होती. बेल्जियन विद्यार्थ्यांना माफ असलेले शुल्क परदेशी म्हणून तिच्याकडे मागितले गेले. १३ फेब्रुवारी १९८५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. हे शिक्षण व्यवसायासाठी तयार करणारे आहे, म्हणून ते व्यावसायिक प्रशिक्षणात मोडते आणि राष्ट्रीयत्वावरून असे वेगळे शुल्क घेता येणार नाही. रोम करारातल्या त्या एकुलत्या कलमाच्या छत्राखाली उच्च शिक्षणाचा मोठा भाग येऊन बसला.

मूळ मागणीच्या निम्मे

त्याच वर्षीच्या अखेरीस आयोगाने एरास्मस योजनेचा प्रस्ताव तयार केला. नाव त्या जुन्या विद्वानाचे, पण ते इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतूनही जुळवलेले होते. जोन्स यांच्याबरोबर या कामात दोमेनिको लेनार्दुझ्झी होते. इटलीतून बेल्जियमला गेलेल्या खाणकामगाराचा हा मुलगा. १९८६ पासून शिक्षणाची जबाबदारी स्पेनचे आयुक्त मानुएल मारीन यांच्याकडे आली.

मंत्रिपरिषदेत प्रस्ताव अडला. आयोगाने तीन वर्षांसाठी १७५ दशलक्ष एकू (युरोपूर्वीचे हिशेबाचे चलन) मागितले होते. मोठे देश पैशाला कांकू करत होते आणि शिक्षणावर समुदायाचा अधिकार मुळात किती, हा वाद होताच. १९८६ च्या अखेरीस मारीन यांनी प्रस्ताव मागे घेतला. वाटेल तितका कापलेला प्रस्ताव आम्हाला नको, हा त्यामागचा पवित्रा होता. याच सुमारास फ्रांक बियांशेरी या तरुणाने स्थापन केलेल्या युरोपीय विद्यार्थी संघटनेनेही फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांच्यापर्यंत विषय नेला. अखेर १५ जून १९८७ रोजी योजना मंजूर झाली, ८५ दशलक्ष एकूंवर.

मंजुरीतही मेख होती. मंत्र्यांनी प्रशिक्षणाच्या कलमाला सर्वसंमती मागणाऱ्या दुसऱ्या कलमाची जोड दिली. म्हणजे पुढे कोणताही एक देश योजना अडवू शकला असता. आयोग चक्क न्यायालयात गेला. मे १९८९ च्या निकालात योजनेतल्या संशोधनाच्या भागासाठी जोडकलम योग्य ठरले, त्यामुळे आयोगाचा दावा फेटाळला गेला. पण विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीला प्रशिक्षणाचे कलम पुरेसे आहे, हेही त्याच निकालातून स्पष्ट झाले. शिक्षणाला स्वतंत्र कलम मिळाले ते १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात. त्यातही अभ्यासक्रमातील आशय आणि शिक्षणव्यवस्थेची रचना सदस्य देशांच्याच हाती राहील, असे स्पष्ट लिहिले गेले.

पहिल्या वर्षी अकरा देशांतून ३,२४४ विद्यार्थी बाहेर पडले.

साठ श्रेयांक

विद्यार्थी निघाले, पण परतल्यावर काय? जर्मन प्राध्यापक एकने सुरू होणारे गुण देतो आणि एक म्हणजे उत्तम. फ्रान्समध्ये वीसपैकी गुण. इटलीत तीसपैकी. गुणांची बेरीज-वजाबाकी होऊ शकत नव्हती. १९८९ मध्ये व्यवसाय व्यवस्थापन, रसायनशास्त्र, इतिहास, यंत्र अभियांत्रिकी आणि वैद्यक या पाच विषयांत श्रेयांकांचा प्रयोग सुरू झाला. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे साठ श्रेयांक. गुण किती मिळाले हे वेगळे, अभ्यास किती झाला हे वेगळे मोजायचे. विद्यार्थी, पाठवणारे विद्यापीठ आणि घेणारे विद्यापीठ या तिघांच्या सह्यांचा अभ्यासकरार आधीच करायचा. कोर्राडीबाईंच्या १९६९ च्या टिपणातली कल्पना आता छापील नमुन्यात आली होती.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज त्यानंतरचा आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. ११ एप्रिल १९९७ रोजी लिस्बनला युरोपीय परिषद आणि युनेस्को यांनी मिळून शैक्षणिक पात्रतांच्या मान्यतेचा करार केला. बाहेरच्या अभ्यासाला मान्यता द्यावी. नाकारायची असेल तर दोन अभ्यासांत ठळक फरक आहे हे दाखवता आले पाहिजे. आणि ते दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर राहील. कारणे द्यावी लागतील, अपिलाचा हक्क राहील. रोमच्या त्या खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीने सिद्ध करायचे होते की तिचा अभ्यास खरा आहे. आता आतल्या माणसाने सिद्ध करायचे होते की तो का चालणार नाही.

बोलोन्या आणि नंतर

यापुढची पावले सरकारांची होती. मे १९९८ मध्ये सोरबॉनला फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटनच्या मंत्र्यांनी, आणि १९ जून १९९९ रोजी बोलोन्याला २९ देशांनी घोषणापत्रावर सह्या केल्या. तुलना करता येतील अशा पदव्या, पदवी आणि पदव्युत्तर असे टप्पे, श्रेयांक. बोलोन्याचा मजकूर काही पानांचा आणि कायद्याने बंधनकारक नाही. तरी त्याने खंडाची विद्यापीठे बदलली.

आणि दुखावलीही. जर्मनीत लांब पल्ल्याची ‘डिप्लोम’ आणि ‘मागिस्टर’ ही जुनी पदव्यांची परंपरा बहुतेक विषयांत मोडली. २००९ च्या शरदात व्हिएन्ना विद्यापीठाचे मोठे सभागृह विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतले. ते लोण जर्मनीतही पसरले. शिक्षणाची फॅक्टरी झाली, श्रेयांक गोळा करण्याखेरीज दुसरे काही वाचायला वेळ उरत नाही, ही त्यांची तक्रार होती. ती खोटी नव्हती. परीक्षांची गर्दी वाढली होती. विश्वास सोपा करण्यासाठी आणलेले माप अभ्यासाचाच ताबा घेऊ लागले होते. शिष्यवृत्ती परदेशातला सगळा खर्च भागवत नाही, त्यामुळे बाहेर जाणे खात्यापित्या घरच्या मुलांना अधिक परवडते, ही टीकाही योजनेवर सुरुवातीपासून आहे.

या टीकेचे वजन मान्य करूनही मला वाटते की दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. अभ्यास एकसारखा करणे ही एक गोष्ट. दुसऱ्याचा वेगळा अभ्यास आपल्या बरोबरीचा मानणे ही दुसरी. १९७६ च्या छोट्या योजनेत आणि लिस्बनच्या करारात दुसरी होती. बोलोन्यानंतरच्या घाईत अनेक सरकारांनी पहिली केली आणि तिला दुसरीचे नाव दिले.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांच्या बँकेचे नियम आणले. विद्यार्थ्याच्या खात्यात श्रेयांक जमा होतात, ते तो दुसरीकडे नेऊ शकतो. युरोपच्या अनुभवावरून इतके सांगता येईल की खाते उघडणे हे सोपे काम आहे. नाकारणाऱ्याला लेखी कारण द्यायला लावणे हे अवघड काम आहे, आणि कोर्राडीबाईंच्या अपमानापासून लिस्बनपर्यंत युरोपला त्याला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

त्या मुलीचा अर्ज मी निवृत्त होण्यापूर्वी एकदा काढून पाहिला. ‘अपात्र’ या शेऱ्यापुढे कारणासाठी छापलेली ओळ आहे. ती मी कोरी सोडली होती.