ताबा
बिल्डर फ्लॅटचा ताबा देतो, पोलीस आरोपीचा घेतात आणि कुटुंब न्यायालय मुलाचा ठरवतं. मूळ अरबी ‘ताबिअ’ म्हणजे मागून चालणारा, अंकित. फारसीमार्गे दप्तरांत शिरताना तो ताबेदारालाही घेऊन आला. गंमत अशी, की मागे चालणाऱ्याचा हा शब्द मराठीत चालवणाऱ्याच्या हाती गेला! कायद्याला मात्र मूल ही मालमत्ता वाटत नाही. १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा मुलाचं हित सर्वोपरी मानतो. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे ठेवतो. दुसऱ्या पालकाच्या वाट्याला ‘भेट’ येते: दुसरा-चौथा शनिवार, अकरा ते पाच, असली. ‘ताबा’ खोडून तिथे ‘सांभाळ’ लिहिलं, तर आदेशाचं काय बिघडेल?