प्रशिक्षण वाढवा म्हणणाऱ्यांना उत्तर

गावपातळीवरचा कृषी कर्मचारी, म्हणजे सहायक, कुठे कमी पडला की वरून एकच औषध सुचवले जाते: प्रशिक्षण द्या. त्याने गुण आला नाही तर दुसरे: मोबाइलवर ॲप टाका. दोन्ही उपायांचे गृहीतक एकच. ज्ञान विद्यापीठात किंवा मुख्यालयात तयार असते, खालच्या माणसाकडे ते नसते आणि पाट नीट बांधला की ते त्याच्यापर्यंत पोचते. परभणीत तर कृषी विद्यापीठ गावातच आहे, त्यामुळे हे मत इथे जरा जास्तच पक्के बसले आहे.

माझे म्हणणे वेगळे आहे: हा कर्मचारी पुष्कळसे सहकाऱ्यांकडून शिकतो. पण पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो पुरा मांडतो. 18 मे 1972 रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले. हळद्या रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी इथलीच. ‘परभणी मोती’ ज्वारी इथली. ‘नांदेड-44’ हा एके काळी गाजलेला कापसाचा संकर याच विद्यापीठाच्या नांदेड केंद्रातला. दहा सहायकांनी चहावर बसून यातले एकही वाण काढले नसते, हे मान्यच. पूर्वपक्षाचा दुसरा मुद्दा अनुभवाचा आहे. कर्मचाऱ्यांना नियमित एकत्र बसवण्याचा, म्हणजे बैठकांचा, प्रयोग आपण करून पाहिला आहे. इस्रायली तज्ज्ञ डॅनियल बेनॉर यांची ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत जागतिक बँकेच्या पैशातून सत्तरच्या दशकाच्या मध्यावर चंबळ खोऱ्यात आली आणि ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातही राबवली गेली. दर पंधरवड्याला कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, ठरल्या दिवशी ठरल्या गावाला भेट. बँकेचा हात निघाला आणि पद्धत बसली. तेव्हा सहकाऱ्यांनी एकमेकांकडून शिकणे वगैरे ऐकायला गोड आहे, खरा उपाय म्हणजे चांगला तज्ज्ञ आणि चांगले तंत्रज्ञान, असा हा पक्ष.

आता 2022 चा खरीप आठवा. लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. गोगलगाय हा कीटक नाही. अळीची सवय असलेल्या हाताने फवारणी केली तर पैसे मातीत. विद्यापीठाचा सल्ला आला आणि तो बरोबरच होता: गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी शेतात टाका, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा, बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा ओढा, मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरा. चार ओळींत बसतो. त्या ओळींत न बसणारे पुष्कळ होते. पावसाची एक सर आली की चुन्याचा पट्टा वाहून जातो. ऊन चढायच्या आत गोणपाट उलटले नाही तर श्रम वाया. आणि एकट्याने वेचून काही होत नाही, कारण शेजारचा बांध भरलेला असतो. अख्खे शिवार एकाच आठवड्यात उतरवावे लागते. तसे उतरवायचे तर आधी कोणाच्या ओट्यावर जाऊन बसायचे, हे त्या हंगामातून गेलेल्या सहायकालाच ठाऊक.

हे ज्ञान कोणाला हवे होते? शेजारच्या तालुक्यातल्या सहायकाला. परळी बीड जिल्ह्यात, सोनपेठ परभणीत, दोन्ही तालुके लागून. पण कृषी विभागाच्या रचनेत परभणी लातूर विभागात आणि बीड छत्रपती संभाजीनगर विभागात. कागदाने विचारायचे तर परळीचा अनुभव सोनपेठला यायला दोन सहसंचालक आणि वर पुण्याचे आयुक्तालय एवढा फेरा. गोगलगायीही त्याहून लवकर पोचतात! पूर्वपक्षाच्या नकाशात ही आडवी वाट नाहीच. त्यात फक्त उभ्या वाटा आहेत.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲप आहे ना. आहे, आणि अशा सरकारी गटांवर काय चालते हेही सगळ्यांना माहीत आहे. ‘माहिती आजच सादर करावी’, अक्षांश-रेखांशासह फोटो, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. ज्या गटात साहेब आहेत त्या गटात ‘मला हे कळत नाही’ असे कोण लिहील? खरा प्रश्न विचारला जातो तो दोघा-तिघांच्या वेगळ्या गटात किंवा फोनवर. म्हणजे शिकणे चालू असतेच. ते कागदावर येत नाही, म्हणून वरच्यांना दिसत नाही.

हे परभणीपुरते नाही. झेरॉक्स कंपनीत ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला; त्याचे पुस्तक 1996 चे. कंपनीने पायरी-पायरीने दुरुस्तीची पुस्तिका दिली होती. प्रत्यक्षात अवघड बिघाड सुटत ते जेवताना रंगणाऱ्या गप्पांतून: अमक्या यंत्राने असा दगा दिला, मग मी तसे केले. पुढे ‘युरेका’ नावाच्या व्यवस्थेत तंत्रज्ञांनीच युक्त्या लिहाव्यात, सहकाऱ्यांनीच त्या तपासाव्यात आणि लिहिणाऱ्याचे नाव युक्तीला कायम जोडलेले राहावे, असे ठरले. सुरुवात फ्रान्समधल्या तंत्रज्ञांपासून झाली. नाव राहते, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे सहायकाने शोधलेली युक्ती अहवालात ‘कार्यालयामार्फत’ होते.

मग ‘प्रशिक्षण व भेट’ का बसली? खर्च हे कारण खरे आहे. पण त्या पंधरवड्याच्या दिवशी काय होई ते पाहा: वरून ठरलेला संदेश सांगायचा, पुढच्या पंधरवड्यात तो सर्व गावांत पोचवायचा. जिंतूरच्या माळाच्या हलक्या रानाला आणि गंगाखेडच्या गोदाकाठच्या काळ्या कसदार जमिनीला एकच संदेश कसा पुरेल, हे विचारायला त्या दिवसात फारशी जागा नव्हती. तेव्हा तिच्या अपयशावरून सहकाऱ्यांची बैठक निरुपयोगी ठरत नाही. खाली बोलणाऱ्या आणि वर न ऐकणाऱ्या बैठकीचे ते अपयश आहे.

उलट दाखला घरचाच आहे. 2008 मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीचा उद्रेक झाल्यावर 2009-10 पासून क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ल्याचा प्रकल्प सुरू झाला. निवडलेल्या शेतांतली किडीची मोजणी वर जाते आणि तिच्यावरून सल्ला ठरतो. कापसात कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग आले की गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, हा निकष कोणीही पाठ करेल. पण डोमकळी ओळखायला कोण शिकवते? पाकळ्या आतून जाळ्याने बांधलेले, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले ते फूल पाटीवरच्या चित्रापेक्षा निराळे दिसते. नवा माणूस ते जुन्या सहकाऱ्यासोबत चार सऱ्या चालला की ओळखतो. जुना एक फूल तोडून उघडतो, आतली अळी दाखवतो. क्रॉपसॅपमध्ये आकडे वर जाण्याची सोय आहे, या चार सऱ्यांची नाही.

तज्ज्ञ नको असे मी म्हणत नाही. मासिक चर्चासत्र आहे, खरिपाआधी आणि रब्बीआधी विभागीय संशोधन व विस्तार सल्लागार समितीची बैठक आहे, शास्त्रज्ञही येतात. यंत्रणा उभी आहे, तिचा क्रम तेवढा उलटायचा आहे. कृषी विभागाच्या वरिष्ठांना विनंती एवढीच: चर्चासत्राचा पहिला तास सहायकांना द्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी आणि साहेबांनी फक्त ऐकावे, सीमेपलीकडच्या तालुक्यातल्या दोघांना बोलवावे आणि जी युक्ती पुढे सर्वांना पाठवली जाईल तिच्याखाली ती शोधणाऱ्याचे नाव छापावे. याला नवे ॲप लागत नाही.