घोरपड : कपारीतली पकड आणि बाजारातली ‘हत्था जोडी’

मावळात परंदवडीसारख्या गावांच्या बांधावर, वारुळाजवळ किंवा ओढ्याकाठी दिसणारी घोरपड हा सरड्या-पालींच्या गटातला मोठा प्राणी. शेपटीसह लांबी दीड मीटरपर्यंत जाऊ शकते. किडे, खेकडे, उंदीर, अंडी, मेलेली जनावरे असे सगळेच ती खाते.

सह्याद्रीतला कातकरी समाज तिला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. पूर्वी मांसासाठी तिची शिकारही होई. कपारीत शिरलेली घोरपड ओढून निघत नाही, हे जुने ज्ञान अगदी खरे. ती अंग फुगवते आणि नख्या रोवते. सिंहगडावर १६७० साली तानाजी मालुसरे यांनी ‘यशवंती’ घोरपडीला दोर बांधून कडा सर केला, ही कथा याच पकडीवर उभी आहे; बहुतेक अभ्यासक मात्र तिला आख्यायिका मानतात.

तिच्या चरबीच्या तेलाने सांधेदुखी जाते, याला वैद्यकीय आधार नाही. त्याहून वाईट प्रकार ‘हत्था जोडी’चा. धनलाभाची दुर्मिळ मुळी म्हणून ऑनलाइन विकली गेलेली ही वस्तू म्हणजे नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय, हे २०१७ मध्ये उघड झाले. मुळी समजून घेणाऱ्याला आपण एका प्राण्याचा जीव विकत घेतला, हे कळतही नाही.

घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते. घरात शिरली तर मारू नका; वनविभागाला १९२६ वर कळवा.