आमचा 'जर्मन' मोत्या

परवा जुने फोटो चाळताना गिरगावच्या चाळीच्या गॅलरीतला मोत्या सापडला. ताई, तुझा परकर दातांत धरून ओढतोय तो! बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे, "पॉमेरियन आहे, जर्मन." थंड मुलखातला जीव म्हणून मे महिन्यात रोज कोपऱ्यावरून बर्फ आणून त्याच्यापुढे ठेवायचे. आम्हाला सरबतात घालायला मात्र बर्फ नाही!

तर तो पॉमेरियन नव्हताच. हे मला आता पन्नाशीत कळतंय.

पॉमेरेनिया म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा मुलूख, आज पोलंड आणि जर्मनीत विभागलेला. तिथले स्पिट्झ कुत्रे चांगले दणकट. अठराव्या शतकात गेन्सबरोने रंगवलेली पॉमेरियन कुत्री पाहा, आपला मोत्या तिच्यापुढे पिल्लू वाटेल. त्याचं खेळणं झालं ते व्हिक्टोरिया राणीच्या नादाने. १८८८ साली तिने फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा छोटा पॉम आणला आणि मग सगळ्यांनाच छोटा हवा झाला. लहानांतले लहान निवडत निवडत आजचा दोन-तीन किलोंचा कापसाचा गोळा तयार झाला. (१९०१ मध्ये राणी गेली तेव्हा तुरी नावाचा पॉम तिच्या पलंगावर होता म्हणतात.)

आपल्याकडची कथा वेगळी. ब्रिटिशांनी आणलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथल्या उन्हात टिकणारी निराळी जात घडली, इंडियन स्पिट्झ. लहान चणीचा पाच ते सात किलो, मोठा बारा ते वीस. तोंड जरा लांबट. परदेशी कुत्रे आणणं कठीण होतं त्या काळात हा दूधपोळीवर राहणारा, दोन खोल्यांत मावणारा कुत्रा मध्यमवर्गाने 'पॉमेरियन' म्हणून घरी आणला. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी याच गोतावळ्यातला. सिनेमा आमच्या जवळच्या लिबर्टीला शंभरावर आठवडे चालला आणि चाळीत जो तो टफी झाला. मोत्या तोवर गेला होता. नाहीतर त्याचंही बारसं पुन्हा झालं असतं!

आजी मात्र पहिल्यापासून म्हणायची, "कसला जर्मन? आमटीभात खातोय बघ." तिचं कोणी ऐकलं नाही. असो.

काल फोनवर बाबांना सगळं सांगितलं. ऐंशी पार केलीय त्यांनी. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बर्फ आवडायचा पण त्याला."